नळी आखूडच कापायची

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. पलीकडून यादवभाऊंची मुलगी बोलत होती. "काकू, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." मी ताट खाली ठेवलं आणि खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही, राग आला. या माणसाने जन्मभर घाई केली, आणि जातानाही मला न विचारता गेला. मग मात्र हातातला मूठभर तांदूळ हातातच राहिला.

चंद्रपूरला त्यांची शोकसभा झाली. माझा मुलगा सलीम मला घेऊन गेला. फोटोला हार होता, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. चार लोक बरं बोलले. मग त्यांच्याच हिवताप खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "यादवराव भारी हट्टी. बांबूच्या नळ्यांवर ताप ओळखायचे म्हणे! पण नशीब बघा, एकदा तुक्का बरोबर लागला." लोक हसले. शोकसभेत लोकांना हसायला कारण हवंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तुक्का नाई. हिशोब होता." सभा चालवणारा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "काकू जरा भावनिक झाल्या आहेत." मी भावनिक झाले नव्हते, मी चिडले होते. या वयात बाईने आवाज चढवला की लोक तिला लगेच पाण्याचा ग्लास आणून देतात. तो ग्लास मी प्यायले आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्हा होता, गडचिरोलीचा वेगळा जिल्हा व्हायला अजून खूप अवकाश होता. आलापल्लीत आमचं मिठाचं दुकान. माझे शौहर रशीद गाडीवानांकडून माल उतरवून घ्यायचे, आणि बाजाराच्या दिवशी तराजूवर मी बसायची. घरातल्या मोठ्यांना ते आवडत नसे, पण माझं माप खरं होतं आणि गावोगावच्या बायकांना माझ्याशी बोलायला आवडायचं, त्यामुळे कोणी फार ताणलं नाही. सूरजागडच्या बाजूची माणसं डोंगर उतरून यायची, सिरोंच्याच्या वाटेवरची तेलुगूत घासाघीस करत यायची. चारोळी, डिंक, मोहफूल द्यायचं आणि मीठ न्यायचं, असा व्यवहार.

अशाच एका बाजाराच्या दिवशी यादवभाऊ दुकानात शिरले. ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, नागपूरला गणित घेऊन बी.एस्सी. झालेला, आणि नव्याने आलेला हिवतापाचा इन्स्पेक्टर. खाकी अर्धी चड्डी, मोठा आवाज, आणि नम्रपणा नावाला नाही. मीठ घ्यायचं सोडून त्यांनी आमच्या मागच्या रांजणात वाकून बघितलं आणि रशीदला भर गिऱ्हाइकात झापलं, "डास पोसून राह्यले का तुमी?" रशीद शांत माणूस. म्हणाले, "बैठो भाऊ, चाय पिओ, फिर चिल्लाना." यादवभाऊ बसले. तिथून जे बसायला लागले ते बदली होईपर्यंत दर बाजाराला बसले.

त्यांचं दुखणं एकच होतं. खात्याचा नियम असा की प्रत्येक गावाला पाळीपाळीने जायचं. फवारणीचे पंप, कडू गोळ्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या काचपट्ट्या घेऊन मोजकी माणसं पायी निघायची, आणि सगळ्या गावांची फेरी पूर्ण व्हायला हंगाम उलटून जायचा. ज्या गावात ताप नव्हता तिथे ही माणसं भिंती पांढऱ्या करत बसायची आणि ज्या गावात ताप उसळला होता तिथे पोचायची तेव्हा रडणं आटोपलेलं असायचं. "भाभी, ताप तं इथी बारमाही हाये," ते म्हणायचे, "कोण्या गावात दोन-चार जण पडलेलेच असतेत. मले ताप नाई पायजे, ताप वाढला कधी ते पायजे. ज्या हप्त्यात वाढला त्याच हप्त्यात पायजे. रोज हरेक गावात माणूस धाडला तं कळंन, पण तेवढे पाय कुठून आणू?"

मी तराजूवर होते. मी सहज म्हणाले, ताप कुठे आहे ते तर मिठावरून दिसतं. जंगलातल्या गावांत तेव्हा प्रत्येक घराचा मिठाचा तुंबा वेगळा असायचा, वाळवलेल्या भोपळ्याचा. एका घराचं मीठ दुसऱ्याच्या तुंब्यात घालायचं नाही, असा त्यांचा रिवाज. घरातलं कोणी बाजाराला येऊ शकत नसेल तर शेजारी त्या घराचा तुंबा काखेत मारून आणायचा. म्हणून एका माणसाकडे दोन-तीन तुंबे दिसले की आपण समजायचं, मागे कोणीतरी अंथरुणाला खिळलंय. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. यादवभाऊंच्या हातातली बशी मात्र तशीच राहिली.

"हे मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी तं नुसते रांजण हुंगत होते."

पुढच्या बाजाराला ते बांबूच्या नळ्यांचा भारा घेऊन आले. एका गावाची एक नळी, एका बाजूने बंद, एका बाजूने उघडी. आमच्या पडवीच्या आढ्याला त्यांनी त्या ओळीने टांगल्या. रशीद म्हणाले, दुकानाचा बुरुडखाना झाला. रीत अशी होती. एखाद्या गावातून असे शेजाऱ्यांच्या हाती आलेले तुंबे नेहमीच थोडेफार असतात, कोणी म्हातारं असतं, कोणी बाळंतीण असते. त्या नेहमीपेक्षा जास्त आले की जितके जास्त, तितके चिंचोके त्या गावाच्या नळीत टाकायचे. कमी आले की तितके काढायचे. एका बाजारावर भरवसा ठेवायचा नाही, कारण वाटेवर वाघ बसला असेल, कोणाचं लग्न असेल. पण बाजारामागून बाजार चिंचोके साचत जाऊन नळी तोंडापर्यंत भरली, की मग फेरी-बिरी विसरून पथक त्याच गावी न्यायचं.

यातली खरी गंमत पुढे होती आणि ती मला समजावताना यादवभाऊ अगदी लहान पोरासारखे खुश व्हायचे. नळी रिकामी झाली आणि तरी तुंबे कमीच आले, तर ती नळी उलटी टांगायची. म्हणजे त्या गावाला सुट्टी. पुढचे काही बाजार तिकडे बघायचंच नाही. गाव जितकं ठणठणीत, तितकी सुट्टी मोठी. मी म्हणाले, "अन् सुट्टीतच ताप आला तं?" ते म्हणाले, "थोडा उशीर होईन. पण तुमचे डोये दोनच हायेत, भाभी, अन् बाजार मोठा. जिथी काही नाई तिथी ते खर्च केले तं जिथी हाये तिथी काय उरंन?" भर बाजारात तराजू सांभाळून तुंबे बघणं किती जिवावर येतं, हे मलाच माहीत. उलट्या नळ्या दिसल्या की मला हायसं वाटायचं. अर्ध्या भरलेल्या नळीच्या गावावर मात्र माझी नजर खिळलेली असायची. त्या बायकांना मी मुद्दाम जवळ बसवून चौकशी करायची. असं ते चालायचं.

पहिली नळी भरली ती गुंडाझरीची. मोहफुलांचे दिवस तोंडावर होते. दोन बाजार लागोपाठ त्या गावचे मोजके गडी आले आणि प्रत्येकाच्या कावडीला तुंब्यांचे घोस. चिंचोके नळीबाहेर सांडायला लागले. यादवभाऊ पथक घेऊन धावत सुटले. ज्या गावाची पाळी होती ते बाजूला राहिलं, पंप खांद्यावर मारून दोन दिवस चालत गेले... आणि गुंडाझरीत पोचले तर ढोल वाजत होते. गावचा सण होता, पंडुम. सणाआधी गाव बांधलेलं असतं, बाकीच्यांनी शीव ओलांडायची नाही, नेमलेले चार गडी सगळ्यांचं मीठ आणतात. लालसू नावाचा गावचा जाणता गडी होता, तो पुढे आला आणि पंपांकडे बघून विचारता झाला, "दादा, नाचाले आले का? मंग हे लोखंड काऊन आणलं?" ताप एकाच्याही अंगात नव्हता. यादवभाऊंना मोहाची घ्यावी लागली आणि नाचावंही लागलं. हे त्यांनीच मला येऊन सांगितलं, दोन्ही हातांनी डोकं धरून.

त्यावर बाजारभर हसू झालं. वरचे साहेब जीपने आले. साहेब वाईट नव्हते, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं आणि त्यांच्याकडेही माणसं कमीच होती. आमच्या पडवीत उभं राहून त्यांनी नळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "यादवराव, ज्या गावाची पाळी होती त्यांना मी काय सांगू? की आमचा इन्स्पेक्टर नाचायला गेला होता? यापुढे फेरी सोडून पाऊल टाकलंत तर तुमची खैर नाही." साहेब गेल्यावर यादवभाऊ पडवीच्या पायरीवर बसून राहिले. रशीदना त्यांची दया आली. ते म्हणाले, "यादवभाऊ, नळी लंबी काटो ना. जल्दी भरणारच नाई, तर बेइज्जती भी नाई होणार."

मला वाटलं, हे बरोबर आहे. मी तसं म्हटलंही. यादवभाऊंनी एक नळी काढून हातात घेतली आणि जे बोलले ते मी आजवर विसरले नाही. "लांब कापली तं मले आराम, भाभी. कोणी हसणार नाई. पण ती भरेपर्यंत गावात किती पडतीन? आखूड कापली तं कधी फुकट धावा लागंन, लोक हसतीन. खोट्या हाकेची लाज मी घेतो. उशिराची लाज कोण घेणार हाये?" साहेबांचा शब्द आणि लोकांचं हसू लक्षात ठेवून त्यांनी नळ्या वाढवल्या त्या बोटाच्या एका पेराएवढ्या. आणि लालसूला दर बाजाराला चहा पाजून कोणत्या गावचं पंडुम कधी, ते आधीच विचारून ठेवायला लागले. सणाच्या बाजारी त्या गावचे चिंचोके टाकायचेच नाहीत, असा नियम झाला. एवढीच त्यांची माघार.

मग पावसाळा सरला. धान निसवायच्या दिवसांत पेरमाटोल्याची नळी वाढायला लागली. एका बाजाराला थोडी, पुढच्या बाजाराला थोडी जास्त. त्यांचं पंडुम नव्हतं, लालसूने छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या गावची एक बाई चार तुंबे घेऊन आली आणि मीठ मापेपर्यंत तिथेच टेकून बसली. मी तिच्या कपाळाला हात लावला तर तीच तापलेली होती. मी शेवटचे चिंचोके टाकले आणि नळी काठोकाठ झाली. यादवभाऊ बघत होते. पेरमाटोल्याची पाळी खूप लांब होती आणि साहेबांचा हुकूम डोक्यावर होता. मी म्हणाले, "नोकरी जाईन तुमची." ते म्हणाले, "गेली तं गेली. तुमच्याकडं मीठ मापाले येतो." पथकातल्या माणसांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, हुकूम मोडून राह्यलो, ज्याला यायचं नसेल त्यानं थांबावं. कोणी थांबलं नाही, हे त्या माणसांच्या वतीने मला इथे लिहिलंच पाहिजे.

पेरमाटोल्यात पोचले तर दिसायला फारसं काही नव्हतं. काही घरांत ताप होता, पण गाव उभं होतं, माणसं शेतात होती. पथकातला एक जण म्हणाला, चला परत, पुन्हा नाचच झाला. यादवभाऊ हटले नाहीत. घर न् घर फवारलं, उभ्या माणसांचंही रक्त काचेवर घेतलं, गोळ्या स्वतःसमोर गिळायला लावल्या, आणि काचपट्ट्या एका माणसासोबत दवाखान्यात धाडल्या. तिथून निरोप आला की उभ्या दिसणाऱ्या माणसांच्या रक्तातही ताप भरलेला आहे. ते आणखी थांबले. साहेबांचा परत बोलावल्याचा निरोपही आला, त्यावर त्यांनी तोंडी उत्तर पाठवलं की काम आटोपलं की येतो.

पेरमाटोल्यात त्या हंगामात कोणी दगावलं नाही. आणि इथेच ती मेख आहे, जिच्यावर शोकसभेतले ते गृहस्थ हसले. काही झालं नाही म्हणून कोणी म्हणालं तुक्का, कोणी म्हणालं काही होणारच नव्हतं! आग लागायच्या आधी पाणी ओतलं की ओल्या गवताकडे बोट दाखवून विचारतात, आग कुठाय? पण नाल्याच्या पलीकडे, पेरमाटोल्याच्या समोरच, एक टोला होता, लहानशी वस्ती. तेच जंगल, तेच पाणी, तेच डास. ती माणसं आमच्या बाजाराला येत नसत, दुसरीकडून मीठ न्यायची. त्यांची नळी आमच्या आढ्याला नव्हती. नाल्याचं पाणी उतरल्यावर कळलं तेव्हा तिथल्या किती घरांत चूल पेटवायलाही कोणी उरलं नव्हतं... यादवभाऊ तिथे जाऊन आले. परत आल्यावर त्या दिवशी ते कोणाशी भांडले नाहीत. पडवीत बसून त्यांनी एक नवी नळी कापली, त्या टोल्याची, आणि ओळीत टांगली. मी आत जाऊन रडले.

साहेबांनी त्यांना काढलं नाही, पण बदली केली. जाताना त्यांनी नळ्या माझ्या हवाली केल्या. पुढे खात्याचे नियम बदलले, आणखी माणसं आली, दवाखाने झाले, आणि मिठाचे तुंबे जाऊन पुडे आले. एकेक नळी कुजली, काही सुनेने चुलीत घातल्या. रशीद गेले. यादवभाऊ चंद्रपूरला घर बांधून राहिले आणि दर रविवारी मला फोन करायला लागले. फोनवर काय बोलणं? ते माझ्या गुडघ्यांवरून मला झापायचे, मी त्यांच्या पथ्यावरून त्यांना झापायची. भांडण नीट झालं की माझा रविवार बरा जायचा.

मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण उरलेल्यांतली एक नळी कापून मी माझ्या खिडकीला टांगली होती, यादवभाऊंच्या नावाची. फोन चुकला की चिंचोके टाकायचे. आला, पण भांडण लवकर आवरलं, तर एखादा. जोरात भांडले की काढायचे. कित्येक वर्षं ती उलटीच टांगलेली होती. या उन्हाळ्यात मी ती सरळ केली. आवाज बारीक येत होता, माझ्या चुका ते सोडून देत होते. एका रविवारी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाये तुमचं, भाभी." मी फोन ठेवला आणि मूठभर चिंचोके नळीत ओतले. ती भरली. मग सलीमला नळीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, मी बोललो त्यांच्या मुलीशी. सगळं ठीक आहे. या गुडघ्यांनी एवढा प्रवास कशाला? लोक हसतील." मी म्हणाले, हसू दे, गाडी काढ.

चंद्रपूरला दार यादवभाऊंनीच उघडलं. हातात आंब्याची फोड होती, हनुवटीवर रस. मला बघून आधी दचकले, मग सलीमकडून कारण ऐकलं आणि इतके हसले, इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. "खोटी हाक, भाभी! खोटी हाक! नळी आखूड कापली तुमी!" मी चांगलीच ओशाळले. मग आम्ही पूर्ण दुपार बसलो. लालसूची आठवण निघाली, गुंडाझरीचा नाच निघाला. नाल्यापलीकडच्या टोल्याचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही. निघताना त्यांनी मला पायरीवरून हात देऊन उतरवलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी पंडुम कधी हाये ते आधी विचारून येत जा. पुढची वेळ आली नाही. महिना व्हायच्या आत तो पहाटेचा फोन आला.

सलीम आता म्हणतो, अम्मी, तू बरोबर होतीस. शोकसभेतले ते गृहस्थ यालाही तुक्का म्हणतील, म्हणू देत. खोटी हाक आणि वेळेआधीची हाक ऐकायला सारखीच वाटते, आणि तेवढ्या फरकासाठी यादवभाऊंनी आयुष्यभर लोकांचं हसू सोसलं. मला ती दुपार मिळाली, आंब्याच्या रसासकट. नळी लांब असती तर हार घातलेला फोटोच बघायला मिळाला असता.

त्यांची नळी खिडकीला आहे. चिंचोके मी अजून काढलेले नाहीत. काल सून म्हणाली, अम्मी, तुमची बहीण सिरोंच्याला एकटीच असते, दोन-तीनदा फोन लागला नाही, पण उगाच काळजी नका करू. मी कोयता मागवला, अंगणातल्या बांबूचं एक कांडं काढलं आणि कुठे कापायचं ते बघत बसले. सलीम म्हणाला, जरा लांब काप, अम्मी, मागच्यासारखी धावपळ नको.

मी बोटाचं एक पेरही वाढवलं नाही.